जिथं कुणीच अडखळत नव्हतं

चौसाळ्याला हायवे सोडून आत आठ किलोमीटर गेलं की जे गाव लागतं, तिथं मंजुषाला मागून 'मुकी मास्तरीण' म्हणतात. तशी ती मुकी नाही. तोंडानं चांगलीच फटकळ आहे. चौसाळ्याच्या सेवा केंद्रात कॉम्प्युटरवर बसायची तेव्हा रांग मोडून पुढं आलेल्या एका पुढाऱ्याला तिनं सगळ्यांदेखत विचारलं होतं, "तुमची रांग येगळी लागलीय का? मला दिसंना." पण एक अख्खा पावसाळा तिनं असं काम केलं की ज्यात बोलणं हाच गुन्हा होता, आणि गावानं तेवढंच लक्षात ठेवलं.

काम असं होतं. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकायची. समोर एक माणूस बसवायचा. त्याच्या हातात पुण्याच्या कंपनीचा फोन द्यायचा आणि म्हणायचं, "समजा, कारखान्याला जायच्या आधी तुम्हाला तुमच्या घरची नोंदणी करायचीय. करा." झालं. याच्यापुढं गप. माणूस चुकला तरी गप, घामाघूम झाला तरी गप. तो कुठं थांबतो, कुठं बोट फिरवत राहतो, कुठं मागं जातो, तेवढं वहीत टिपायचं आणि वेळ लिहायची. ॲप लोकांना वापरता येतं का, हे बघायची ही रीत. कंपनीची संस्कृती नावाची मुलगी पुण्याहून आली होती, तिनं मंजुषाला दोन दिवस शिकवलं होतं. "ताई, आपण माणसाची परीक्षा घेत नाही, ॲपची घेतो. तुम्ही मदत केली की ॲप पास होतं आणि माणूस नापास राहतो." मंजुषाला ते पटलं होतं. गावाला पटवणं अवघड होतं.

पहिल्याच दिवशी नाथाकाका बसले. साठी उलटलेला माणूस, चाळीस हंगाम ऊस तोडलेला.

"ताई, ह्येच दाबू का?"

"तुमाला काय वाटतंय, काका?"

"मला वाटत आसतं तर तुला कावून इचारलं आसतं?"

"तरीबी. काय वाटतंय?"

"मला वाटतंय उठून घरी जावं."

व्हरांडा हसला. मंजुषाही हसली असती, पण तिनं खाली मान घालून लिहिलं : बटण दिसतं, पण ते बटण आहे हे कळत नाही. मग नाथाकाकांनी तीनदा दाबलं आणि तिन्ही वेळा फोननं दाद दिली नाही. ऊस तोडून तोडून बोटाचं कातडं असं झालेलं असतं की काचेला ते बोट आहे हेच समजत नाही. "फोन बहिरा हाय का गं?" म्हणत काकांनी शेवटी बोटाचं पेर वाकवून टकटक केलं, दार वाजवावं तसं. तेव्हा स्क्रीन पुढं सरकली. मंजुषानं तेही लिहिलं : पेरानं दाबतात, बटण मोठं करा.

ॲपचं नाव 'तोडसाथ'. चार-पाच खाजगी साखर कारखान्यांनी मिळून ते बनवायला दिलं होतं. तोडणीला येणाऱ्या प्रत्येक कामगाराची नोंद त्यात होणार, आणि ज्याचं नाव यादीत त्याचा हातपाय मोडला तर इलाज कारखाना करणार, असं ठरलं होतं. मंजुषानं हे काम धरलं ते या एका वाक्यासाठी. तिला लग्न मोडून माहेरी येऊन पाच वर्षं झाली होती. सेवा केंद्रातलं काम बरं चाललं होतं, ते सोडायची तिला गरज नव्हती. पण तिच्या मायचा, तुळजाबाईचा, उजवा खांदा मागच्या हंगामात मोडला होता.

मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढताना फळी सरकली. तुळजाबाई मोळीसकट खाली आली. कारखान्याच्या दवाखान्यात माणसानं जुनी वही काढली, बोट फिरवलं आणि विचारलं, "बद्रीनाथ कोण?" मंजुषाचे वडील म्हणाले, "मी." "मग पेशंट कोण?" "ही मंडळी." "हिचं नाव न्हाई." खांदा गावाकडं आल्यावर एका हाडवैद्यानं बसवला. तो बसला तसाच बसला. तुळजाबाईचा उजवा हात आता कानाच्या वर जात नाही. केस विंचरायचे तर मंजुषा विंचरते. पण दिवाळी झाली की तोच हात घेऊन ती परत फडात जाणार होती, आणि त्या आधी तिचं नाव यादीत चढवायचं एवढंच मंजुषाच्या डोक्यात होतं.

"चढंल का गं पर?" तुळजाबाई विचारायची.

"चढंल माय. त्याच्यासाठीच तर तपासायलोत."

"तू तर नुसती बसायलीस. लोकं म्हणायलीत, बद्रीची पोरगी कायबी सांगंना, नुसती बगत बसती ढिम्म."

"तेच काम हाय."

"आसलं काम तर मी फुकट केलं आसतं."

आषाढ-श्रावणात तिनं सेहेचाळीस घरांची चाचणी घेतली. आपल्या गावात, शेजारच्या दोन वाड्यांवर, आणि मोटारसायकलवर मागं बसून थेट तेलगावपर्यंत जाऊन. संस्कृती महिन्यातून दोनदा यायची. एकदा कंपनीचे तीन-चार जण घेऊन आली, त्यांनी आधी कपिलधारला धबधब्यापुढं फोटो काढले, मग दुपारी गावात येऊन चहा घेतला आणि लोकांना विचारलं, "कसं वाटलं ॲप?" सगळे म्हणाले, "लई झकास." पाहुण्यानं आपली वस्तू दाखवली तर तिला नाव ठेवायची रीत इकडं नाही. ते गेल्यावर नाथाकाका म्हणाले, "झकास हाय, पर चालत न्हाई." मंजुषानं हे दोन्ही लिहून पाठवलं.

आणि खरंच, ॲप सुधारत गेलं. तिनं लिहावं आणि पंधरा दिवसांनी फोनमध्ये ते झालेलं दिसावं. बटणं भाकरीएवढी नाही तरी पुरीएवढी झाली. फिक्या करड्या अक्षरांची काळी अक्षरं झाली. 'प्रविष्ट करा' जाऊन 'लिहा' आलं. जन्मतारीख सांगता येईना तर नुसतं वय चालू लागलं. आधी पंचवीस मिनिटं लागायची तिथं अकरा लागू लागली. मंजुषाला रात्रंदिवस त्याचाच नाद. आपण चौसाळ्याच्या पुढच्या एका गावात वहीत चार ओळी लिहितो आणि पुण्यात कुणीतरी ते वाचून बदल करतं, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. सासरी तर तिचं बोलणं कधीच कुणी ऐकलं नव्हतं.

भादव्यात एका संध्याकाळी तुळजाबाई चुलीपुढं बसली होती. डाव्या हातानं भाकरी थापायची तिनं सवय करून घेतली होती, त्यामुळं भाकरी एका अंगाला जाड व्हायची. भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "साऱ्या गावाला फोन दावलास. मला कावून न्हाई?"

"तू घरची हाईस. घरच्याची टेस घेत नसतेत."

"घे गं. मलाबी कळू दी काय भानगड हाय ती."

मंजुषानं फोन उघडला. मायला वाचता येत नव्हतं, म्हणून ती वाचून दाखवू लागली आणि माय उत्तरं देऊ लागली. गाव सांगितलं. टोळी नेणाऱ्या मुकादमाचं नाव सांगितलं, अंगद. मग तिसरी स्क्रीन आली.

"घरात तोडणीला जाणारे कामगार किती?"

"एक," तुळजाबाई म्हणाली आणि भाकरी उलटली.

"कामगाराचं नाव?"

"तुझ्या बापाचं लिव्ह की. मी कशाला घिऊ?"

मंजुषानं लिहिलं. वय लिहिलं. फोटोच्या जागी वडिलांचा फोटो घेतला. ते बाजेवर बसूनच हसले. 'नोंदणी पूर्ण झाली' असं आलं.

"झालं?" तुळजाबाईनं विचारलं.

"झालं."

"मंग आता मव्हं नाव कवा घ्यायचं?"

मंजुषा बघतच राहिली. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा माय ओरडली, "आगं, तवा!" पण तवा तिच्याच पुढं होता.

इकडं टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. नवरा तोडतो, बायको पाचट सारते, ऊस गोळा करते, मोळी बांधते, वाहते. दोघं मिळून जे काम करतात ते एका कोयत्याचं काम. मुकादम कारखान्याला सांगतो, माझे तीस कोयते. म्हणजे तीस जोड्या. एकटा माणूस गेला तर तो अर्धा. हे कुणी कुणाला शिकवत नाही. म्हणून कामगार किती असं विचारलं की तोंडातून एकच आकडा येतो. आणि एक म्हटल्यावर ॲप एकच नाव विचारतं.

मंजुषा दुसऱ्या दिवशी सगळ्या चाचण्यांच्या वह्या घेऊन बसली. सेहेचाळीस घरं. सेहेचाळीस वेळा 'एक'. त्या स्क्रीनला सगळ्यात कमी वेळ लागला होता. चार सेकंद. कुठं तीन. आणि सगळ्यात आधीचं पान तिचं स्वतःचं होतं. संस्कृतीनं शिकवलं त्या दिवशी सराव म्हणून तिनं आपल्याच घरची नोंदणी केली होती. तिनंही 'एक' दाबलं होतं. मायसाठी हे काम धरणाऱ्या मुलीनं, तीन सेकंदांत.

तिनं संस्कृतीला फोन लावला.

"मॅडम, तिसऱ्या स्क्रीनला चूक हाय."

"तिसऱ्या? थांबा हं, बघते. ताई, तिथं तर कुणीच अडखळलं नाहीये. आपली सगळ्यात चांगली स्क्रीन आहे ती. सगळं हिरवं आहे इथं."

"तेच तर. कुणी अडखळंना म्हणून तर घोळ हाय. सगळे भरभर चुकायलेत."

संस्कृती चांगली मुलगी होती, मनापासून ऐकणारी. मंजुषानं कोयता म्हणजे काय ते सगळं समजावलं, तेव्हा तिकडून "अरे देवा" असं ऐकू आलं. "म्हणजे इतक्या सगळ्या बायका..."

"एकबी न्हाई."

"मग आपण 'कामगार'ऐवजी 'माणसं किती' असं विचारूया का? परत चाचणी घेऊन बघा ना."

मंजुषानं घेतली. शब्द बदलून सहा घरं केली. चार जणांनी तरी 'एक'च दाबलं. दोघांनी 'दोन' दाबलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी अंगद मुकादम मंजुषाच्या दारात आला.

अंगद हा नात्यानं तिच्या वडिलांचा चुलतभाऊ. पांढरे कपडे, हातात दोन फोन. आल्या आल्या बाजेवर बसला आणि बद्रीनाथला म्हणाला, "काय बे बद्री, पोरीनं मला साठ कोयत्याचा धनी केलं की."

"काय झालं?"

"काय झालं काय बे? माझ्या फोनवर येतंय सगळं. मी 'बरोबर' म्हणल्याबिगर नोंद पुढं जात न्हाई. ह्या दोघांनी दोन-दोन लिवलं. म्हंजी माझे दोन कोयते वाढले. उद्या सगळ्यांनी आसंच लिवलं तर तीसचे साठ. कारखाना साठ कोयत्याच्या गाड्या धाडील. भरणार कोण? तू भरतू का?"

"काका, बायकांची नावं तर लागतेतच ना," मंजुषा म्हणाली. "त्याबी तोडत्यातच की."

"मंजे, तोडत्यात. मी कधी न्हाई म्हणलो? आगं, बाईबिगर कोयता उभाच राहत न्हाई. पर मोजायचं कसं त्ये तुझ्या पुण्याच्या मॅडमला सांग. दोन लिवलं की दोन कोयते. एक लिवलं की एक. मला तिसरं बटन दिलंय का तुमी?"

खरं म्हणजे अंगद चुकीचं बोलत नव्हता. त्यानं त्या दोन्ही नोंदी परत एकवर आणल्या. जाताना तुळजाबाईकडं बघून म्हणाला, "वहिनी, खांदा कसा हाय?"

"हाय. जाग्यावर हाय."

"फळीला जपून यंदा."

त्यानंतरचे आठ दिवस मंजुषानं जे केलं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. घरात लग्नाच्या जुन्या पत्रिका होत्या, एका बाजूनं कोऱ्या. त्यांच्या कोऱ्या बाजूवर तिनं पेनानं स्क्रीन काढल्या. मधोमध एक कोयता काढला आणि त्याच्या दोन अंगाला दोन चौकोन. खाली लिहिलं : 'हा कोयता कुणाकुणाचा?' आकडा विचारायचाच नाही. कोयता एकच राहील, मुकादमाची यादी तीसची तीसच राहील, आणि आत नावं दोन येतील.

पत्रिका घेऊन ती तेलगावला गेली. तिथं तिच्या मावसबहिणीच्या ओट्यावर बारा बायका जमवल्या, वेगवेगळ्या टोळ्यांतल्या. एकेकीपुढं पत्रिका धरली आणि नेहमीसारखी गप बसली.

पहिली बाई खूप वेळ बघत होती. मग तिनं डाव्या चौकोनावर बोट ठेवलं. "हिथं आमचे मालक." मग उजव्यावर. "आन् हिथं... हिथं मी व्हय?"

मंजुषा गप.

"मीच की. दुसरं कोण? सवत हाय का मला?" बाई स्वतःशीच म्हणाली आणि बाकीच्या फिसकल्या.

दुसरीनं विचारलं, "नाव सासरचं सांगू का माहेरचं? सासरचं ठिवलंय मंदाकिनी, पर मला कुणी मंदाकिनी म्हणलं तर मी वळूनबी बगत न्हाई."

तिसरी पत्रिका उलटी करून म्हणाली, "आगं, ह्या लगनाला तर आमी जेवून आलतो!"

बारापैकी अकरा जणींनी दोन्ही चौकोन भरले. कुणालाच मदत लागली नाही. आणि प्रत्येक बाई त्या उजव्या चौकोनाशी थांबत होती, अडखळत होती. कुणी दहा सेकंद, कुणी पाऊण मिनिट. मंजुषानं सेकंद लिहिले. एवढा उशीर लागल्याचा आनंद तिला पहिल्यांदाच झाला होता.

तिनं सगळ्या पत्रिकांचे फोटो काढून पुण्याला पाठवले. संस्कृतीचा लगेच फोन आला. "ताई, हे फार भारी आहे. मी उद्याच मीटिंगमध्ये मांडते." तुळजाबाईला मंजुषानं सांगितलं, "माय, झालं बग आता." तुळजाबाईनं खांदा दाबत विचारलं, "कंच्या चौकोनात हाय मी?" "उजव्या." "बरं," ती म्हणाली.

चार दिवस गेले. मग आठ. पंधराव्या दिवशी संस्कृतीचा आवाज वेगळा होता.

"ताई, मी खूप भांडले. पण सगळी नोंदणी आतून कोयत्यावरच बांधलेली आहे. एका कोयत्याला एक माणूस, एक कार्ड. ते बदलायचं तर पायापासून उकरावं लागेल. कारखान्यांनी दसऱ्याचा मुहूर्त दिलाय. आणि सर म्हणाले... सर म्हणाले, चाचणीत अडचण दिसत नाही तिथं आपण हात का लावायचा?"

"बारा बायका दाखवल्या की मी."

"कागदावरच्या आहेत त्या. फोनवरच्या सेहेचाळीसमध्ये सगळं हिरवं आहे. पुढच्या आवृत्तीत नक्की घेऊ, ताई. मी लिहून ठेवलंय."

"पुढची कवा?"

"ते आत्ता सांगता येणार नाही."

मंजुषा तिला काही वेडंवाकडं बोलली नाही. ही मुलगीही कुणाच्या तरी पुढं अशीच गप बसलेली असणार, हे तिला आवाजावरून कळत होतं. तिनं एवढंच विचारलं, "निदान एका घरापुरतं करता येतंय का? माझ्या मायपुरतं?"

"नाही हो ताई," संस्कृती म्हणाली.

दसऱ्याला चौसाळ्यात मंडप पडला. पाहुणे आले, शाली झाल्या, मोठ्या पडद्यावर तोडसाथ दाखवलं गेलं. सांगितलं गेलं की हे ॲप ऊसतोड बांधवांनी स्वतः तपासून घेतलेलं आहे. ते खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशीपासून गावोगाव नोंदणी सुरू झाली. मंजुषाच्या गावात शाळेच्याच व्हरांड्यात टेबल लागलं आणि टेबलामागं तिलाच बसवलं. आता मदत करायला बंदी नव्हती. पण मदत कुणाला लागेना. लोक येत, पुरीएवढी बटणं दाबत, फोटो काढत आणि जात. नाथाकाकांनी तर चष्मा न लावता पाच मिनिटांत उरकलं. "बग, आता कसा शहाणा झालाय फोन," ते म्हणाले. "तुझंच काम हाय ह्ये, पोरी. देव तुला बरं करील."

रांगेत बायका नवऱ्याच्या मागं उभ्या होत्या. प्रत्येकीला मंजुषा सांगत होती, "तुमचं नाव ह्यात येणार न्हाई, वयनी. तुमी कारखान्याला विचारा, तिथं लिहून घ्या म्हणावं." बायका मान डोलवत होत्या. एक जण म्हणाली, "आमचं कवा आलंय?" ती रागावून म्हणाली नव्हती. पाऊस आला का विचारल्यावर न्हाई म्हणावं, तसं म्हणाली.

शेवटी बद्रीनाथ आले. मागं तुळजाबाई. वडिलांनी फोन मुलीच्या हातातून स्वतःकडं घेतला. त्यांना दुसरीपर्यंतचं वाचता येत होतं. "तू थांब, मीच करतो," ते म्हणाले. गाव, मुकादम, मग तिसरी स्क्रीन. मंजुषानं त्यांचं बोट आकड्यावर जाताना बघितलं. तोंड उघडून काहीतरी म्हणावं असं तिला वाटलं. पण काय म्हणणार? दोन दाबा? अंगद परत एकवर आणणार, आणि ज्या माणसाबरोबर सहा महिने काढायचे त्याच्याशी वडिलांचं वाकडं होणार. तिसरं बटण नव्हतं. वडिलांनी दाबलं. पटापट नाव लिहिलं, फोटोला मान ताठ केली.

"कुणाला इचारावं लागलं न्हाई," ते तुळजाबाईकडं वळून म्हणाले. चेहऱ्यावर पोरासारखा आनंद.

"हुशार हाव तुमी," तुळजाबाई म्हणाली. मग मंजुषाला म्हणाली, "आता बांधाबांध करू दी. पिठाचं दळण राहिलंय."

दिवाळी झाली आणि ट्रक आले. भांडी, पीठ, शेळी, पाण्याचे ड्रम चढले. तुळजाबाईला चढवायला अंगदनं स्वतः हात दिला, तिचा डावा धरून. गाव अर्धं रिकामं झालं.

मंजुषा सेवा केंद्रात परत बसू लागली. कंपनीचं एक पत्र आलं, छापील. सत्त्याण्णव टक्के नोंदणी कुणाच्याही मदतीशिवाय पूर्ण झाली, त्यात आपला वाटा मोलाचा आहे, असं लिहिलं होतं. खाली संस्कृतीची सही नव्हती. चौकशी केली तर कळलं, ती दुसऱ्या कंपनीत गेली. पुढच्या आवृत्तीचं कोण बघतं, हे फोन उचललेल्या माणसाला माहीत नव्हतं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तुळजाबाई एकटीच एसटीनं आली. उजवा हात पदरात बांधलेला. ती पडली नव्हती. फळी सरकली नव्हती. नुसती मोळी उचलताना खांद्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि हात लोंबला. कारखान्याच्या दवाखान्यात आता वही नव्हती, टॅब होता. त्यात नाव टाकलं. आलं नाही. टॅबवाल्यानं आपल्याकडून तीनदा टाकून बघितलं, चांगला माणूस होता. बद्रीनाथचं टाकलं की लगेच आलं, फोटोसकट. "ह्यांना काय झालंय?" त्यानं विचारलं. "ह्यांना काय झालं न्हाई," तुळजाबाई म्हणाली.

बीडच्या सरकारी दवाखान्यात मंजुषा तिला घेऊन गेली. डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, हाड आधीच चुकीचं बसलंय, आता हा हात एवढाच. वजन उचलायचं नाव काढायचं नाही.

तिसऱ्या दिवशी अंगदचा फोन आला.

"मंजे, वहिनीचं कसंय?"

"हात गेला."

"आरारा." तो खरंच हळहळला. मग म्हणाला, "आगं, हिकडं बद्री अर्धा झालाय. अर्ध्या कोयत्यावर गाडी भरंना. हंगाम आजून दोन महिने हाय. दुसऱ्याची बाई लावून बगितली, तिचा नवरा बोंबलायला. तुझा बाप पाचटाच्या कोपीत बसून राहतो. काय करायचं सांग."

काय करायचं ते तिघांनाही माहीत होतं. अंगदला, फोनजवळ कान लावून बसलेल्या तुळजाबाईला, आणि मंजुषाला.

"न्हाई," तुळजाबाई म्हणाली. "तू शिकलीस. तू न्हाई जायचं."

"मग अण्णा एकटे कसे करणार?"

तुळजाबाई डाव्या हातानं जमिनीवरचं न दिसणारं काहीतरी पुसत राहिली.

"काका," मंजुषानं फोनवर विचारलं, "मी आले तर नोंदीचं काय करायचं? मायच्या जागी मव्हं नाव..."

"नोंदीला काय करायचंय बाई?" अंगद म्हणाला. "कोयता एकच हाय की. त्यात काय बदलायचंच न्हाई."

मायला शेजारच्या नाथाकाकांच्या सुनेच्या हवाली करून मंजुषा दोन दिवसांनी निघाली. सेवा केंद्राच्या मालकानं जागा धरून ठेवतो म्हणून सांगितलं, पण त्याच दिवशी दुसरी मुलगी बसवली. प्रवास एक रात्र आणि अर्धा दिवस. कारखान्याच्या गाडीतळाशी वडील उभे होते, खाली मान घालून. त्यांनी तिची पिशवी घेतली. वर बघितलं नाही.

फडाच्या तोंडाशी कारखान्याचा माणूस टेबल टाकून बसला होता. त्यानं बद्रीनाथचं कार्ड फोनला दाखवलं. दोन सेकंदांत बीप झालं.

"कोयता एक," तो म्हणाला. "बरोबर. जावा आत."

दोघं आत गेले. वडील पुढं, मंजुषा मागं. तिनं डोक्याला टॉवेल गुंडाळला, मायचा जुना शर्ट साडीवर चढवला आणि वाकून पहिला ऊस गोळा केला.